हुमणी हिरवी पडली? मग नीट बघा. मेटारायझियमच्या विषाची ओळख



उसाच्या बुडात हुमणी शोधताना एखादी अळी ताठ, कडक झालेली आणि अंगावर हिरवी भुकटी चढलेली सापडली तर फेकू नका. ती मेटारायझियम बुरशीनं मेलीय. ही बुरशी म्हणजे हुमणीचा रोग, उसाचा नव्हे. कृष्णा-वारणाकाठच्या आपल्या माणसांना हुमणी काय करते ते वेगळं सांगायला नको.

बुरशीचा बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, तिथंच उगवतो आणि कातडी भेदून आत शिरतो. आत वाढताना बुरशी 'डिस्ट्रक्सिन' नावाची विषं सोडते. ती १९६१ साली जपानमध्ये पहिल्यांदा वेगळी केली गेली. प्रयोगात अळीला हे विष टोचलं की तिचे स्नायू आधी आखडतात, मग लुळे पडतात. रोगाशी लढायची तिची ताकदही कमी होते.

या विषाची घडण बघण्यासारखी आहे. दुकानात बाटलीतून जी अमिनो ॲसिड मिळतात, तसल्या जातीचे ५ मणी, जोडीला एक वेगळा सहावा मणी, आणि माळेची दोन्ही टोकं एकमेकांत गुंफलेली. याला चक्रीय पेप्टाइड म्हणतात. साधी माळ असती तर शास्त्रज्ञांनी एका टोकापासून एकेक मणी काढून मोजला असता. इथं टोकच नाही! यंत्रात माळ कुठंही तुटते आणि तुकड्यांवरून मण्यांचा क्रम जुळवावा लागतो. वजनावर जावं, तर तिथंही फसगत: डिस्ट्रक्सिन बी आणि डिस्ट्रक्सिन ई या दोघांचं वजन ढोबळ मानानं ५९३ येतं. फरक दशांशात आहे, एकाचं ५९३.३७९ तर दुसऱ्याचं ५९३.३४२. म्हणून आधी द्रावणातले घटक वेगळे करायचे आणि मग बारीक वजन करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर ओळखायचे. हे काम प्रयोगशाळेचं, बांधावर होत नाही.

आता मुद्द्याचं. "आमच्या औषधात डिस्ट्रक्सिन आहे" असं कुणी सांगितलं तरी तेवढ्यावर भुलू नका. चाचणीत विष सापडलं म्हणजे बुरशी ते तयार करू शकते, एवढंच कळतं. पाकिटातले बीजाणू जिवंत आहेत का, हे त्यातून कळत नाही. आणि जमिनीत काम करणार ते जिवंत बीजाणूच. त्यामुळं लेबलवर १ ग्रॅममध्ये किमान १० कोटी (१×१०^८) सीएफयू आणि मुदतीची तारीख बघा. पाकीट दुकानात उन्हात ठेवलेलं दिसलं तर आमच्या मते ते घेऊच नये, स्वस्त असलं तरी.

शंका असेल तर घरी करून बघा. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यांत ओलसर माती घ्या, निम्म्या डब्यांत पाकिटातली पावडर मिसळा, निम्मे तसेच ठेवा. एका डब्यात एकच हुमणी टाका, नाहीतर त्या एकमेकींना चावतात. डबे सावलीत ठेवा, २-३ आठवडे धीर धरा. मेलेली अळी ओल्या कापसावर ठेवली की आधी पांढरी बुरशी येते, नंतर ती हिरवी होते. अळी काळी पडून घाण वास मारत असेल तर ती सडलीय, श्रेय मेटारायझियमला देऊ नका. विटकरी-लालसर पडली तर ते बहुधा सूत्रकृमीचं काम.

पाऊस पडून जमिनीत ओल असेल आणि अळ्या लहान असतील, तेव्हाच चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी मुळांजवळ टाका. प्रमाण लेबलप्रमाणं. सोबत बुरशीनाशकाची आळवणी नको, ते हिलाही मारतं.

हिरवी पडलेली अळी सापडली की फोटो, गावाचं नाव आणि औषध टाकल्याची तारीख याच नंबरवर पाठवा.