पुन्हा कामावर घेतलें, म्हणजे काय केलें?

घरीं इंग्रजी पत्र आलें कीं तें मास्तरांकडे घेऊन जावें, असा आमच्या आळींत पुष्कळ वर्षें रिवाज होता. १९९४ च्या पावसाळ्यांत असेंच एक पत्र घेऊन आमचे एक शेजारी मजकडे आले. एका कारखान्यांत त्यांची चौदा वर्षें नोकरी झाली होती. पुढें कांहीं आरोप ठेवून त्यांना काढून टाकण्यांत आलें, आणि त्याविरुद्ध कामगार न्यायालयांत त्यांचा दावा चालूं होता. पत्र दोन ओळींचें. दावा मागें घेतल्यास कंपनी आपणांस 'रीएम्प्लॉय' करण्यास तयार आहे, असा त्याचा आशय. मीं तें वाचलें आणि मोठ्या आनंदानें सांगितलें, "अहो, पुन्हा कामावर घेतलें तुम्हांला!" वहिनींनीं देवापुढें साखर ठेवली. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं सही करून दिली.

त्या क्रियापदाचा खरा अर्थ मला कळला तो तीन वर्षांनीं, कारखान्यांत कपात झाली तेव्हां. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं जी भर घालण्यांत आली, तिच्यांत कपातीचा सर्वसाधारण दंडक असा होता, कीं त्या त्या वर्गांत जो शेवटीं आला त्यानें आधीं जावें. आमचे शेजारी कागदोपत्रीं १९९४ सालीं आलेले! मागचीं चौदा वर्षें हिशेबांत नव्हतींच. 'रीएम्प्लॉय' म्हणजे नवी नेमणूक. त्यांना हवें होतें तें क्रियापद 'रीइन्स्टेट'. मी भाषा शिकविणारा मनुष्य, आणि दोन भिन्न क्रियापदांना एकच मराठी प्रतिशब्द लावून मोकळा झालों होतों. ते बिचारे मलाच समजावीत, "मास्तर, तुमचा काय दोष? दोन्हीही 'री'चेच शब्द."

तेव्हांपासून या कुळांतील क्रियापदें मी न्याहाळीत आलों आहें. 'हायर' हें इंग्रजांचें अगदीं घरचें, जर्मानिक वंशाचें. त्यांत पैसा आणि मुदत यांपलीकडे कांहीं नाहीं; तें घोड्याला लागतें, होडीला लागतें आणि मनुष्यालाहि लागतें. 'एम्प्लॉय' फ्रेंचांकडून आलें. त्याचें लॅटिन मूळ 'आंत घडी घालणें, गुरफटणें' असें आहे, आणि गुन्ह्यांत एखाद्याला गोवणें या अर्थाचें 'इम्प्लिकेट' हें त्याचें सख्खें भावंड. आपणहि 'कामांत गुंतलों आहें' असें म्हणतोंच कीं!

सर्वांत गंमतीचें 'एंगेज'. यांतील 'गेज' म्हणजे तारण. शब्द देऊन, वस्तु अडकवून बांधून घेणें हा त्याचा मूळ भाव. म्हणून इंग्रजींत नोकरहि 'एंगेज' होतो आणि लग्न ठरलेली मुलगीहि. मजुरीचा 'वेज' आणि विवाहाचा 'वेड' हे दोन शब्दहि त्याच जर्मानिक मुळाचे. आपल्याकडील विसार देण्याची कल्पना हीच, फक्त आपण ती घरजमिनीच्या व्यवहारापुरती ठेविली. 'अपॉइंट' तर सरळ आपलें 'नेमणें', त्याविषयीं अधिक लिहिण्यासारखें नाहीं. 'रिक्रूट' मात्र लबाड आहे. त्यांतील 'री'मुळें मनुष्य पूर्वीं तेथें होता असें वाटावें, पण मूळ अर्थ 'पुन्हा वाढणें' असा असून वाढतें तें सैन्य. शिपाई नवाच असतो.

म्हणजे 'री' एक आणि तऱ्हा अनेक. संस्कृतांतील 'पुनर्' त्याच्या जवळचा, परंतु तो आपल्या बावीस उपसर्गांत बसत नाहीं, तो अव्यय. 'पुनर्नियुक्ति' म्हटलें कीं पुन्हा नेमलें एवढेंच कळतें, मधल्या काळाचें काय तें कळत नाहीं. खरा प्रश्न नेमका त्या मधल्या काळाचाच असतो. मी ज्या कायद्याचा उल्लेख केला, त्यांतच दोन्ही शब्द होते. कपात झालेल्यास जागा निघाल्यावर प्राधान्यानें घेणें, याला तेथें 'रीएम्प्लॉयमेंट' म्हटलें होतें. आणि अन्यायानें काढलेल्यास कामावर परत घेण्याचा हुकूम करण्याचा जो अधिकार १९७१ सालीं कामगार न्यायालयांस स्पष्टपणें देण्यांत आला, तेथें 'रीइन्स्टेटमेंट'. इंग्लंडांतील १९९६ च्या कायद्यानें तर शेजारशेजारचीं दोन कलमें केलीं: 'रीइन्स्टेट' केल्यास मालकानें जणूं काढलेंच नव्हतें असें सर्व बाबतींत वागावें; 'रीएंगेज' केल्यास तत्सम वा योग्य असें दुसरें काम द्यावें.

२०१३ सालीं महाराष्ट्रांतील एका प्राथमिक शिक्षिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढें आला. त्यांना काढणें बेकायदा ठरलें होतें. वाद राहिला होता मागील पगाराचा. शालेय न्यायाधिकरणानें तो देवविला होता, उच्च न्यायालयानें नाकारला होता. न्यायमूर्तींनीं या एका क्रियापदासाठीं ऑक्सफर्डच्या कोशासह अनेक कोश उघडले, आणि बेकायदा काढलेल्यास सेवेचा खंड न धरतां मागील पगारासह पूर्वपदीं आणणें हाच सामान्य नियम होय, असें सांगून बाईंचा पगार त्यांना देवविला. निकाल वाचतांना मला माझें १९९४ चें भाषांतर आठवलें.

मराठींत याला शब्द नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. 'बहाल' हा तोच शब्द. फारसींत 'ब' म्हणजे 'मध्यें' आणि 'हाल' म्हणजे स्थिति; तेव्हां 'इन्' आणि 'स्टेट' यांची जोडी यांत जशीच्या तशी आहे. निलंबित अधिकारी पूर्वपदावर आला म्हणजे हिंदी वृत्तपत्रें आजहि तो 'बहाल' झाला असें छापतात. आपण त्याचा अर्थ 'देऊन टाकणें' एवढाच ठेविला, आणि 'हाल'चे तर हालच केले. 'रुजू' या शब्दाचीहि तीच कथा. अरबींत त्याचा अर्थ परत येणें; आपल्याकडे पहिल्याच दिवशीं कामावर जाणारा मनुष्यहि 'रुजू' होतो.

गेल्या महिन्यांत त्याच शेजाऱ्यांचा नातू आपल्या नोकरीचें पत्र घेऊन आला. त्यांत क्रियापद होतें 'रिन्यू'. शब्द मोठा सुरेख. त्यांतील 'न्यू' आणि आपला 'नव' एकाच मुळाचे. करार नवा होतो, पण मनुष्य आणि संबंध तोच. मुलगा खुशींत होता. मीं दोन्ही करारांच्या तारखा पाहिल्या. पहिल्याची मुदत ३१ मेला संपत होती आणि दुसऱ्याची २ जूनला सुरू होत होती. मधला एक दिवस तो कोणाचाच नोकर नव्हता. या वेळीं मीं अर्थ सांगण्याची घाई केली नाहीं. "आजोबांना बोलावून आण," म्हटलें. ते आले, चष्मा पुसून बसले, आणि आम्हीं तिघांनीं तें पत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचावयास घेतलें.