यांत्रिक हृदयपंप आणि ग्रामीण रुग्ण : नरसी नामदेव या गावाच्या संदर्भात

सारांश : हृदय निकामी होण्याच्या अंतिम अवस्थेत यांत्रिक हृदयपंप हा उपचार आता जगभर मान्यता पावला आहे. शस्त्रक्रिया महानगरात होत असली तरी पंपासह जगावयाचे असते ते रुग्णाच्या घरी. प्रस्तुत लेखात या उपकरणाची कार्यपद्धती स्पष्ट करून ग्रामीण भागात त्यासाठी कोणत्या व्यवस्था आवश्यक आहेत, याचा विचार केला आहे.

बीजशब्द : हृदय निकामी होणे, डावा निलय, हृदयपंप, हृदय प्रत्यारोपण, ग्रामीण आरोग्य.

प्रस्तावना

कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि हे गाव त्यात समाविष्ट झाले. येथील हृदयरुग्णास प्रथम हिंगोली, नंतर नांदेड आणि अखेरीस मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. उपचार जितका प्रगत, तितके त्याचे केंद्र दूर. हृदयपंपाच्या बाबतीत तर हे अंतर शस्त्रक्रियेनंतरही संपत नाही.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण झाले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ही शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासच जगू शकला. मेंदूमृत्यूस मान्यता देणारा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून आणलेल्या हृदयाचे मुंबईत यशस्वी प्रत्यारोपण झाले, तेव्हा मधली सत्तेचाळीस वर्षे लोटली होती. आज मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे अवयववाटपाचे काम पाहतात. तथापि दात्यांची संख्या गरजेच्या मानाने अत्यल्प आहे. ही उणीव काही अंशी भरून काढण्याचे काम हृदयपंप करतो.

पंपाची कार्यपद्धती

निरोगी हृदय विश्रांतीच्या अवस्थेत दर मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त शरीरात ढकलते. हे काम प्रामुख्याने डाव्या निलयाचे, म्हणजे हृदयाच्या डावीकडील खालच्या कप्प्याचे असते. तो दुर्बल झाला की फुप्फुसांत पाणी साचते, पाय सुजतात, चार पावले चालताच धाप लागते. औषधांनी हे आटोक्यात येईनासे झाले म्हणजे प्रत्यारोपण अथवा पंप हे दोन पर्याय उरतात.

पंप निलयाच्या टोकाशी बसवितात. तो निलयातील रक्त खेचून एका कृत्रिम नळीद्वारे महाधमनीत सोडतो. मूळ हृदय जागीच राहते. आधुनिक पंपातील फिरते चक्र चुंबकीय बलाने अधांतरी राहते. त्यामुळे घर्षण टळते आणि रक्तपेशींची हानी व गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. पंपास जोडलेली तार पोटाच्या त्वचेतून बाहेर येते व कमरेच्या नियंत्रकास आणि बॅटऱ्यांना जोडली जाते.

या उपचाराची उपयुक्तता चाचण्यांतून सिद्ध झाली आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील १२९ रुग्णांच्या चाचणीत पंप बसविलेल्यांपैकी ५२ टक्के, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी २५ टक्के रुग्ण वर्षअखेर हयात होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चुंबकीय पंपावरील सुमारे ५८ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात होते.

घरी परतल्यानंतर

पंप बसविल्यानंतर चार गोष्टींत खंड पडून चालत नाही.

१) वीज : पूर्ण भारित बॅटऱ्यांची जोडी फार तर १७ तास पुरते. रात्री पंप घरातील विजेवर चालतो. वादळात वीजवाहिनी तुटली, रोहित्र जळले, तर काय, याचे उत्तर आधीच तयार हवे. राखीव बॅटऱ्या व इन्व्हर्टर ही येथे चैन नसून जीवनावश्यक वस्तू होय.

२) स्वच्छता : तार बाहेर येते ती जागा जंतुसंसर्गाचे प्रवेशद्वार ठरते. तेथे निर्जंतुक मलमपट्टी करणारी प्रशिक्षित व्यक्ती घरात असावी लागते. नदीत वा विहिरीत उतरून स्नान करणे वर्ज्य असते.

३) रक्ततपासणी : गुठळ्या टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवणारे औषध नित्य घ्यावे लागते. मात्रा कमी पडल्यास पक्षाघाताची, अधिक झाल्यास रक्तस्रावाची भीती असते. म्हणून ठरावीक काळाने तपासणी अपरिहार्य ठरते.

४) स्थानिक डॉक्टरांची माहिती : पंप रक्त अखंड ढकलतो, त्यामुळे अशा रुग्णाची नाडी बहुधा हातास लागत नाही व नेहमीच्या यंत्रावर रक्तदाबही नीट कळत नाही. हे ठाऊक नसलेला डॉक्टर जिवंत रुग्णास मृत समजू शकतो. आधी पंपाचा गुंजारव ऐकणे आणि तारांच्या जोडण्या पाहणे आवश्यक असते.

विवेचन

रुग्णाची निवड करताना डॉक्टर त्याचे मूत्रपिंड, यकृत व उजवा निलय तपासतात. त्याचबरोबर घरातील वीज, काळजीवाहू व्यक्ती आणि रुग्णालयापासूनचे अंतर हेही विचारात घेतात. वैद्यकीयदृष्ट्या हे योग्यच आहे. परंतु याचा अर्थ असा होतो की, समान आजार असलेल्या दोघांपैकी एकास केवळ त्याच्या गावामुळे पंप नाकारला जाऊ शकतो. किंमत हा अडसर तर आहेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण २०२३ च्या निर्णयानुसार प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत वाढले असले, तरी पंपाचा खर्च त्याच्या कित्येक पटींनी अधिक आहे. मात्र निधी मिळाला तरी गावातील व्यवस्थेची उणीव पैशाने एका रात्रीत भरून निघत नाही.

याउलट, या व्यवस्था एकट्या पंपासाठी नाहीत. खात्रीची वीज घरी प्राणवायूयंत्र वापरणाऱ्यासही हवी असते. तीच रक्ततपासणी कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णासही लागते आणि तीच निर्जंतुक मलमपट्टी मधुमेहीच्या जखमेस लागते.

निष्कर्ष

हृदयपंपाची शस्त्रक्रिया नरसीत होण्याची आवश्यकता नाही, परंतु पंपासह जगणे तेथे शक्य झाले पाहिजे. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालय, वीज वितरण यंत्रणा व शस्त्रक्रिया करणारे केंद्र यांच्यात समन्वय हवा. रुग्णाचा पत्ता हा त्याच्या अपात्रतेचे कारण ठरू नये, हीच या तंत्रज्ञानाच्या सार्थकतेची खरी कसोटी होय.