गाडी विकायचीच तर हप्ता थकण्याआधी

जुलै 2024च्या अखेरीस वीजदरवाढीच्या निषेधार्थ छत्तीसगडमधल्या मिनी स्टील कारखानदारांनी उत्पादन थांबवलं. रायपूरच्या उरला-सिलतरा पट्ट्यात री-रोलिंग मिल आणि स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, आणि त्यांच्या आधारावर ठेकेदाराचा मजूर, क्रेन चालवणारा, माल भरणारा, गेटसमोर चहा विकणारा असे हजारो संसार चालतात. कारखाने पुढे सुरू झाले, पण अशा घरांत एका पगाराला उशीर झाला तरी महिन्याचा हिशेब बिघडतो. मग घरात काय विकता येईल याची मोजदाद सुरू होते आणि नजर सर्वांत आधी जाते दारातल्या मोटरसायकलकडे. जमीन विकायला महिने लागतात, दागिन्यांवर बायकोचा आणि आईचा जीव असतो. गाडी मात्र संध्याकाळी दाखवली तर सकाळपर्यंत गिऱ्हाईक मिळतं. ती लवकर विकली जाते एवढ्याच कारणाने ती सर्वांत आधी विकावी, हे मला मान्य नाही. मात्र जी गाडी विकायलाच हवी तीही लोक लाजेपोटी शेवटपर्यंत धरून ठेवतात, आणि त्यातलं नुकसान तर आणखी मोठं असतं. म्हणून विकायची की नाही याइतकाच केव्हा विकायची हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

आधी एक फरक पक्का करायला हवा. काही गाड्या माणसाला कामावर नेतात, काही गाड्या हेच काम असतं, आणि काही फक्त सोय असतात. घरपोच जेवण किंवा पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाने गाडी विकली तर त्याने राजीनामाच दिला. हा भेद कायद्यालाही ठाऊक आहे. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतलं कलम 60 सांगतं की कर्जवसुलीसाठी मालमत्तेवर जप्ती आणताना कारागिराची हत्यारं आणि शेतकऱ्याची अवजारं सोडून द्यायची; शेती पिकवायला लागणारे बैल आणि बी-बियाणंही न्यायालयाच्या मते आवश्यक असेल तितकं सोडायचं. यामागचा विचार दयेइतकाच व्यवहाराचाही आहे. पेरणीच्या तोंडावर बैल ओढून नेला तर कर्ज फिटणार कशातून? मोटरसायकल या कलमात बसते असा दावा मी करत नाही, आणि कर्जावर घेतलेल्या गाडीला तर हा आधार नाहीच. पण न्यायालय ऋणकोच्या घरात जो विचार करतं, तो आपण आपल्या घरात का करू नये?

आता आकडे मांडून पाहू. सिलतऱ्याला जाऊन येऊन रोज 30 किलोमीटर होतात असं धरा. महिन्याला 26 दिवस काम, म्हणजे 780 किलोमीटर. सव्वाशे सीसीची गाडी लिटरला 50 किलोमीटर देत असेल तर 15.6 लिटर पेट्रोल लागतं. रायपुरात पेट्रोल शंभर रुपयांच्या आसपास धरलं तर 1,560 रुपये झाले. 75 ते 150 सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला 714 रुपये, त्यावर जीएसटी. महिन्याला साधारण 70 रुपये पडले. ऑइल, चेन, टायर, पंक्चर यांसाठी 400 धरा. एकूण खर्च 2,030. आता गाडी विकली आणि शेअर ऑटोला एका फेरीचे 40 रुपये लागले, तर 26 दिवसांचे 2,080 होतात. म्हणजे हप्ता नसलेली गाडी विकून दरमहा काहीच वाचत नाही. हातात येते ती फक्त एकरकमी किंमत. ती 45 हजार आली आणि घराची तूट महिन्याला 15 हजार असली, तर तीन महिन्यांची सोय झाली. चौथ्या महिन्यात तूट तशीच राहते आणि गाडी गेलेली असते. रात्रपाळी सुटल्यावर शेअर ऑटो मिळेलच याची खात्री नसते, म्हणून पाळीचं काम करणाऱ्याला गाडी नसण्याची किंमत ऑटोभाड्यापेक्षा खाड्यांमध्ये जास्त मोजावी लागते. शिवाय ही गाडी एकट्या कमावत्याची नसते. वडिलांना मेकाहारा रुग्णालयात किंवा टाटीबंधच्या एम्समध्ये न्यायचं, मुलीला क्लासहून आणायचं, गॅसचा सिलिंडर आणायचा, हे सगळं ती फुकटात करते. विकल्यावर यातल्या प्रत्येक गोष्टीचं भाडं द्यावं लागतं.

आपले आकडे वेगळे असतील तर उत्तरही वेगळं येईल, आणि यायलाच हवं. त्याच रायपुरात जो माणूस नवा रायपूरच्या एखाद्या कार्यालयात दहा ते सहा नोकरी करतो, त्याचं गणित पाहा. रायपूर-नवा रायपूर मार्गावर बससेवा आहे, आणि 30 मार्च 2025पासून मंदिर हसौद आणि नवा रायपूरमार्गे अभनपूरला जाणारी मेमू गाडीही धावू लागली. जाऊन येऊन चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी चालवायची तर पेट्रोललाच अडीच हजारांपर्यंत लागतात. बस किंवा रेल्वेने हा खर्च बराच खाली येतो आणि वेळ दिवसाची असल्याने अडून राहण्याची भीती कमी. अशा घरी दोन गाड्या असतील तर एक विकायला फार विचार करू नये. चौबे कॉलनीत किंवा तात्यापाऱ्यात राहणाऱ्याला बाजार, शाळा, दवाखाना जवळ असतो, म्हणून तिथल्या कुटुंबाला हा निर्णय सोपा जातो. भनपुरीच्या पलीकडे भाड्याने राहणाऱ्याला तोच निर्णय महाग पडतो. पत्ता बदलला की सल्ला बदलतो, हे नातेवाइकांना कळत नाही आणि नागपुराहून फोनवर ‘विकून टाक ना’ असं सांगणं त्यांना सोपं वाटतं.

गाडीवर हप्ता चालू असेल तर मात्र सगळा विचार उलटा होतो. समजा 80 हजारांचं कर्ज, 12 टक्के व्याज, तीन वर्षांची मुदत. हप्ता येतो 2,657 रुपये. बारा हप्ते भरल्यावर साधारण 56,400 रुपये बाकी राहतात. या टप्प्यावर गाडीला 65 हजार मिळाले तर कर्ज फिटतं, मुदतीआधी फेडण्याचं शुल्क असेल तर तेही भागतं आणि थोडे पैसे उरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दरमहा 2,657 रुपयांचा बोजा उतरतो. हप्ता नसलेल्या गाडीच्या विक्रीत हा फायदा नव्हता. अशा वेळी गाडी विकून त्यातल्या उरलेल्या पैशांत जुनी, साधी, पण चालती गाडी घेता आली तर कामही सुटत नाही. अट एकच, हे सगळं पहिला हप्ता थकण्याआधी झालं पाहिजे. हप्ते थकले की दंड चढतो, सिबिल बिघडतं, आणि पुढे खऱ्या गरजेला कर्ज मिळत नाही. फायनान्स कंपनीने गाडी उचलली तर ती लिलावात जाते. लिलावात जी किंमत येते ती मालकाने स्वतः शोधलेल्या गिऱ्हाइकापेक्षा कमीच असण्याचा संभव मोठा, आणि उरलेली रक्कम तरीही कर्जदाराकडेच मागितली जाते. गाडी गेली आणि कर्ज राहिलं, ही अवस्था टाळता येण्याजोगी असते.

‘थोडं थांबू, सरकार काहीतरी सवलत देईल’ ही आशा 2020मध्ये पुष्कळांनी धरली होती. सवलत मिळालीही. रिझर्व्ह बँकेने 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 या काळातले हप्ते पुढे ढकलायला परवानगी दिली. पण हप्ता पुढे गेला तरी व्याज धावतच राहिलं. मार्च 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातल्या व्याजावरचं व्याज रद्द केलं, मूळ व्याज नाही. एप्रिल 2021मध्ये रायपूर जिल्ह्यात पुन्हा कडक टाळेबंदी लागली, तेव्हा आधीच लांबलेली मुदत अनेकांच्या मानेवर होती. बँकेकडे जाऊन मुदत वाढवून मागणं चांगलं, हप्ता थकण्याआधी मागणं तर फारच चांगलं. पण ज्या घरात पुढच्या सहा महिन्यांत उत्पन्न वाढण्याचं काही चिन्ह नाही, तिथे मुदतवाढ म्हणजे तेच कर्ज जास्त काळ. वसुलीच्या माणसांना घाबरून मात्र कुणी गाडीची चावी देऊ नये. कर्जवसुलीसाठी गुंड वापरता येणार नाहीत, गाडी कायदेशीर मार्गानेच ताब्यात घ्यावी लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007च्या प्रकाश कौर प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे.

गाडीची किंमत रोज उतरते, मग आजच का विकू नये, असा आक्षेप व्यवहारी लोक घेतात. आक्षेप खरा आहे, त्याचं वजन मात्र तपासायला हवं. विमा कंपन्या गाडीचं मूल्य ठरवताना पहिल्या वर्षाअखेर 15 टक्के, दुसऱ्या वर्षी 20, तिसऱ्या वर्षी 30 आणि पाचव्या वर्षी 50 टक्के घसारा धरतात. म्हणजे 90 हजारांची गाडी मधल्या वर्षांत वर्षाला 9 हजारांनी, महिन्याला 750 रुपयांनी उतरते. मजुरीवर जाणाऱ्याचे महिन्यात दोन खाडे पडले तर तेवढी रक्कम गेलीच. कमावत्या गाडीच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. सोयीच्या, महागड्या, आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीच्या बाबतीत तो पूर्ण टिकतो. त्यात 22 सप्टेंबर 2025पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28वरून 18 टक्क्यांवर आला. करासकट एक लाखाला मिळणारी नवी गाडी त्यामुळे 92 हजारांच्या आसपास आली, आणि जुनी घेणारा याच नव्या किमतीवरून भाव करतो. ‘मी लाखाला घेतली होती’ या वाक्याला त्याच्यापुढे किंमत नाही, आणि आपल्या हिशेबातही नसावी. गेलेला पैसा गाडी ठेवल्याने परत येत नाही. नव्याचा भाव उतरल्यामुळे उद्या पुन्हा गाडी घेणं थोडं सोपं झालं, हीसुद्धा त्याच बदलाची दुसरी बाजू.

सोनं आधी काढायचं की गाडी, यावर घराघरांत वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे: कामाची गाडी असेल आणि अडचण कधी संपणार याचा अंदाज असेल, तर सोनं तारण ठेवावं, गाडी विकू नये. तारण ठेवलेलं सोनं सोडवता येतं. रिझर्व्ह बँकेच्या जून 2025च्या निर्देशांनी अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत मर्यादा दिली आहे. एकरकमी फेडीच्या कर्जात मुदतीअखेरचं व्याजही त्यातच मोजायचं. म्हणून गरजेपुरतंच घ्यावं. दागिने बाईचे असतील तर निर्णयही तिचाच हवा. पण नोकरी गेली आहे, दुसरी दिसत नाही, आणि रोजच्या खर्चासाठी सोनं ठेवायचं, असं असेल तर सोनंही जाण्याची भीती मोठी. तिथे दुसरी गाडी, महागडी गाडी, हप्त्याची गाडी आधी विकावी.

सावकाराकडे गाडी गहाण ठेवण्याचा मार्ग सर्वांत वाईट. आरसी आणि कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन तो पैसे देतो, गाडी कुणीतरी तिसरा चालवतो, आणि नोंदीत नाव आपलंच राहतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018मध्ये निकाल दिला की गाडी अनेक हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाकडेच येते. सरळ विक्रीतही हा धोका आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50नुसार त्याच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात, कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचा दाखला आणि फॉर्म 35. रायपूरच्या मराठी घरांत नागपूर-गोंदियाहून आणलेल्या एमएच 31 किंवा एमएच 35 नंबरच्या गाड्या असू शकतात. त्यांना आधी तिथल्या आरटीओची एनओसी काढावी लागते, आणि ती यायला वेळ लागतो. म्हणून विकण्याचा विचार पक्का होताच कागद आधी गोळा करावेत, गिऱ्हाईक नंतर शोधावं. विक्रीपत्रावर तारीख आणि वेळ लिहावी, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी, आणि वाहन पोर्टलवर गाडी त्याच्या नावावर चढलेली दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.