हौशी निरीक्षकांचे विभाग खरोखर चालतात कसे?

विज्ञानसंस्थेतला सभासदांनी चालवलेला विभाग म्हटलं की बहुतेकांसमोर एक हौशी मंडळ उभं राहतं. महिन्याकाठी व्याख्यान, वर्षातून एखादी सहल, वार्षिक सभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर होणारा अहवाल. काहींना विभाग म्हणजे मुख्य संस्थेची गावोगावची शाखा वाटते. हौशी लोकांनी चालवलेलं काम सैल असायचंच आणि खरं विज्ञान पगारी शास्त्रज्ञांच्या वेधशाळेतच घडायचं, असा समज या दोन्ही कल्पनांच्या मुळाशी आहे. तो किती चुकीचा आहे, हे ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या संस्थेच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या कारभारातून स्वच्छ दिसतं. 1890 मध्ये ही संस्था निघाली, तेव्हा इंग्लंडात रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी होतीच. पण तिची वर्गणी अनेकांना जड जाई, तिथले निबंध सामान्य निरीक्षकाच्या आवाक्याबाहेरचे असत आणि स्त्रियांना तर तिथे 1916 पर्यंत फेलो होता आलं नाही. नव्या संस्थेने दार सगळ्यांना उघडलं आणि सुरुवातीपासूनच कामाची विभागणी केली ती आकाशातल्या विषयांनुसार. सूर्य, चंद्र, मंगळ, गुरू, धूमकेतू, उल्का, रूपविकारी तारे असे एकेक विभाग. लंडनचा आणि ऑस्ट्रेलियातला सभासद गुरूच पाहत असतील, तर दोघं एकाच विभागाचे. त्यासाठी वेगळी वर्गणी नाही आणि कितीही विभागांत भाग घेता येतो. अशी रचना असलेल्या विभागाला गावची शाखा म्हणणं चूक आहे.

सभासदांनी चालवलेला विभाग म्हणजे दरवर्षी निवडणूक आणि प्रत्येक गोष्टीवर मतदान, असंही अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात इथे विभागाच्या प्रमुखाची नेमणूक संस्थेची कार्यकारिणी करते. कार्यकारिणी सभासदांनी निवडलेली असते आणि प्रमुख हाही सभासदच असतो, तोही बिनपगारी. त्याच्या हाती खुर्चीपेक्षा काम जास्त येतं. या हंगामात काय पाहायचं हे ठरवणं, नकाशे आणि नोंदीचे तक्ते पुरवणं, आलेली निरीक्षणं तपासणं, नवख्याच्या चुका पत्राने कळवणं आणि शेवटी सगळ्यांच्या नोंदींतून अहवाल लिहिणं, हे सगळं त्याने करायचं. यासाठी पदवी लागते हा आणखी एक गैरसमज. सूर्यविभागाच्या पहिल्या प्रमुख एलिझाबेथ ब्राऊन कोणत्याही वेधशाळेत नोकरीला नव्हत्या. घरच्या दुर्बिणीतून त्या सौरडागांची चित्रं काढत, आणि 1890 पासून 1899 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी इतरांच्या चित्रांचाही मेळ घातला. गुरूविभाग तीन दशकांहून अधिक काळ सांभाळणारे टी. ई. आर. फिलिप्स हे पाद्री होते. उल्काविभागाचे जे. पी. एम. प्रेंटिस हे वकिली करत. डिसेंबर 1934 मध्ये उल्का मोजण्यासाठी रात्र जागवताना त्यांनीच शौरी तारकासमूहातला नवतारा शोधला. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड लोव्हेल इंग्लंडातल्या जॉड्रेल बँक इथे रडारवर उमटणारे प्रतिध्वनी उल्कांचेच आहेत का हे तपासत होते. तेव्हा शेतात आकाशाकडे डोळे लावून बसायला त्यांनी बोलावलं ते प्रेंटिसना. डोळ्याला दिसलेली उल्का आणि पडद्यावरची खूण यांची सांगड घालायला आकाश पाठ असलेला माणूस हवा होता, आणि तो या विभागाने घडवला होता.

पण माणसं तयार करणं हा विभागाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा नोंदीच्या पद्धतीत आहे, आणि माझ्या मते विभागाचं खरं बळ तिथेच आहे. रूपविकारी ताऱ्यांच्या विभागाची पद्धत थोडी जवळून पाहू. तेज बदलणारा तारा नकाशावर शोधायचा. त्याच्यापेक्षा किंचित तेजस्वी आणि किंचित मंद असे दोन स्थिर तारे विभागाने आधीच नेमून दिलेले असतात. समजा त्यांच्या प्रती, म्हणजे तेजाची मापं, 7.2 आणि 7.8 आहेत (आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). निरीक्षक या दोघांमधल्या अंतराचे मनाशी भाग पाडतो आणि आपला तारा कुठे बसतो ते ठरवतो. तेजस्वी ताऱ्यापासून एक भाग आणि मंद ताऱ्यापासून दोन भाग असं दिसलं, तर तारा 7.4 प्रतीचा. सोबत वेळ, दुर्बीण आणि त्या रात्री आकाश कितपत स्वच्छ होतं याचा दर्जा लिहायचा. विशेष म्हणजे 7.4 हे उत्तर एवढंच न ठेवता ‘एक भाग, दोन भाग’ हा मूळ अंदाजही कायम नोंदवला जातो. तुलनेच्या ताऱ्याची प्रत पुढे कधी सुधारून 7.3 ठरली, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या नोंदींवरूनही उत्तर नव्याने काढता येतं. ज्या कामाला लोक सैल समजतात, त्यात निरीक्षकाने काय पाहिलं आणि त्यावरून काय काढलं हे इतक्या काटेकोरपणे वेगळं ठेवलेलं असतं. एका माणसाच्या अंदाजात दशांश-दोन दशांश प्रतीची चूक होतेच, हा आक्षेप खरा आहे. पण देवमासा तारकासमूहातला ‘मीरा’ हा तारा सुमारे 11 महिन्यांत काही प्रतींनी खाली जाऊन पुन्हा वर येतो. त्या चढउतारापुढे ही चूक लहान आहे, आणि अनेकांच्या नोंदी एकत्र मांडल्या की ती आणखी कमी होते. उलट मोठ्या दुर्बिणीवर ज्याला वर्षाकाठी मोजक्या रात्री मिळतात, त्याला 11 महिन्यांचं चक्र सलग पाहताच येत नाही.

याहून जड आक्षेप विभागप्रमुखाच्या अधिकाराबद्दल आहे. निरीक्षणं शेकडो जणांची आणि अहवाल एकाने लिहिलेला, तर त्या एकाचं मत सगळ्यांच्या डोळ्यांवर चढणार नाही का? चढतं. मंगळविभागाने ते अनुभवलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मंगळावर सरळ रेषांसारखे ‘कालवे’ दिसणं ही जणू चांगल्या निरीक्षकाची ओळख झाली होती, आणि विभागाच्या त्या काळातल्या अहवालांतही कालवे आहेत. पण शंका संस्थेच्या आतूनच उठली. मंगळविभागाचे पहिले प्रमुख वॉल्टर माँडर यांनी 1903 मध्ये ग्रिनिच इथल्या शाळेतल्या मुलांसमोर मंगळाची चित्रं लांब ठेवली आणि ती हुबेहूब काढायला सांगितलं. मूळ चित्रांत कालवे नव्हते, विखुरलेले ठिपके आणि अस्पष्ट खुणा होत्या. तरी लांब बसलेल्या बऱ्याच मुलांनी सरळ रेषा काढल्या. तेव्हाचे विभागप्रमुख युजीन अँतोनियादी यांनी 20 सप्टेंबर 1909 रोजी म्यूदाँ वेधशाळेच्या 83 सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला, आणि रेषांच्या जागी त्यांना बारीक, अनियमित डाग दिसले. 1896 पासून त्या पदावर असलेल्या माणसाने स्वतःच्याच विभागाचे आधीचे निष्कर्ष फिरवले. प्रमुख चुकू शकतो, यावरचा उपाय पद काढून टाकणं हा नव्हे. चित्रं ज्याने काढली त्याच्या नावानिशी, दुर्बिणीच्या तपशिलासह शिल्लक असली, तर पुढचा माणूस अहवाल बाजूला सारून थेट त्यांच्याकडे जाऊ शकतो.

आता स्वयंचलित दुर्बिणी रात्रभर आकाश टिपतात, मग या विभागांचं काय काम, असं विचारलं जातं. काही कामं खरंच संपली आहेत. मंद ताऱ्यांच्या मोजणीत माणसाचा डोळा यंत्राशी टक्कर देऊ शकत नाही, हे मान्य करायला हवं. तरी 2013 मध्ये प्रसिद्ध झालेलं हंस तारकासमूहातल्या एसएस सिग्नी या ताऱ्याचं प्रकरण पाहण्यासारखं आहे. त्याचं अंतर हबल दुर्बिणीने जे सांगितलं होतं, ते धरलं तर त्याच्या उद्रेकांचा सिद्धांतच कोसळत होता. रेडिओ दुर्बिणींनी अंतर पुन्हा मोजायचं, तर तारा उद्रेकात असतानाच मोजता येणार होतं, आणि उद्रेक साधारण 50 दिवसांनी, पण नेमका कधी हे न सांगता होतो. अमेरिकेतल्या अशाच संस्थेच्या, 1911 मध्ये स्थापन झालेल्या एएव्हीएसओच्या निरीक्षकांनी पाळत ठेवून वर्दी दिली. नवं अंतर सुमारे 370 प्रकाशवर्षं निघालं आणि सिद्धांत तरला. गुरूचंही तसंच. 2016 मध्ये जूनो यान गुरूभोवती फिरू लागलं, तेव्हा त्याची एक फेरी सुमारे 53 दिवसांची होती आणि जवळून जाताना त्याच्या कॅमेऱ्याला ग्रहाची एक पट्टीच दिसे. मधल्या काळात कोणतं वादळ कुठे सरकलं, हे जगभरच्या हौशी छायाचित्रकारांच्या प्रतिमांवरून पेशाने जीवशास्त्रज्ञ असलेले गुरूविभागाचे प्रमुख जॉन रॉजर्स मांडत राहिले.

हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे कुठे असं, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला याच ब्रिटिश संस्थेची एक तुकडी विदर्भातल्या तळणी इथे उतरली होती, आणि तिथे अ‍ॅनी माँडर यांनी आपल्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभाकिरीटातला एक अतिशय लांब झोत टिपला. दुसरं नाव जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांचं. ते सरकारी खजिन्यात नोकरीला होते आणि शालेय शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं. 1918 चा गरुड तारकासमूहातला नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे पाहिला. त्यानंतर एएव्हीएसओला त्यांनी 37,000 हून अधिक निरीक्षणं पाठवली. 1926 मध्ये त्या संस्थेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली. बोटीने पत्र जाण्याच्या काळात हे टिकलं, कारण पलीकडे कुणीतरी पत्र उघडून, नोंद तपासून, उत्तर लिहीत होतं.

महाराष्ट्रातही हौशी खगोलमंडळांची उणीव नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर 1944 पासून आहे. कुणाला नवा निरीक्षण विभाग काढायचा असेल, तर मोठ्या दुर्बिणीसाठी देणगी गोळा करण्याआधी एक विषय, तुलनेच्या ताऱ्यांचे ठरलेले नकाशे, सर्वांना एकच तक्ता आणि आलेली प्रत्येक नोंद वाचून महिन्याच्या आत उत्तर देणारा एक माणूस एवढं जमवावं. त्या माणसाने पद सोडताना नोंदवह्या घरी न ठेवता पुढच्याच्या हाती द्याव्यात, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावं.