डांबर संपलं की शर्यत सुरू

झाशीच्या शहरकोटाला दहा दरवाजे. त्यांतला ओरछा गेट मराठी माणसाला ठाऊक असतो तो १८५८च्या वेढ्यामुळे. राणीच्याच फौजेतल्या दूल्हाजूने हाच दरवाजा इंग्रजांना उघडून दिला, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सायकलवाल्याचं लक्ष मात्र दरवाजाच्या नावाकडे जावं. ओरछा इथून जेमतेम सोळा-अठरा किलोमीटर, डांबरावरून निवांत तासाभराचं. डांबर सोडून शेतकडेची चाकोरी धरलीत, तर चाकाखाली बुंदेलखंडी ग्रॅनाइट येतो. वय सुमारे २५० कोटी वर्षं! ग्रॅव्हल रेसला याहून जुनी खडी कुठून आणणार?

ग्रॅव्हल रेस म्हणजे डांबर, खडी, मुरूम, फुफाटा, सगळं एकाच शर्यतीत. हौशी मंडळींना ती आवडते, कारण नामांकित व्यावसायिक आणि रविवारी सायकल काढणारा बँकवाला इथे एकाच शर्यतीत उतरू शकतात. (पुढच्या दहा मिनिटांत व्यावसायिक दिसेनासे होतात, ती गोष्ट वेगळी.) अमेरिकेत कॅन्ससमधली ‘अनबाउंड’ २००६ साली ३४ जणांनी सुरू केली. आज हजारो उतरतात आणि त्यासाठी आधी सोडतीत नाव निघावं लागतं. गाजलेलं अंतर २०० मैल. तिथे चढापेक्षा चकमकीच्या धारदार दगडांची धास्ती जास्त. टायर उभा चिरतात.

इटलीत तर उलटी गंगा. १९९७मध्ये काही हौशींनी जुन्या सायकली काढून टस्कनीच्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर ‘लेरोईका’ भरवली. तिच्यातून पुढे २००७मध्ये व्यावसायिकांची ‘स्त्रादे बियांके’ जन्मली. साहेब मागून आले!

जागतिक ग्रॅव्हल अजिंक्यपदाला हौशींनाही दार उघडं आहे. २०२२पासून ही स्पर्धा भरते. पात्रता शर्यतीत आपल्या वयोगटातल्या पहिल्या २५ टक्क्यांत यायचं, बस्स. पन्नाशीतल्या काकांनी पंचविशीच्या पोराला हरवायची गरज नाही, शेजारच्या काकांना हरवलं तरी पुरे.

आता खरी गंमत हवेची. टायर टणक तेवढा वेग जास्त, हे गुळगुळीत रस्त्यापुरतं खरं. खडीवर टणक टायर प्रत्येक दगडावर उडतो आणि पुढे जायची ताकद आपल्याला वरखाली हलवण्यात जाते. नरम टायर दगड पोटात घेऊन पुढे सरकतो. म्हणून रस्त्याच्या बारीक टायरात ८० पीएसआयच्या वर हवा भरणारा गडी खडीवर ४० मिलिमीटरचा टायर लावून ३०-४०वर थांबतो. फार कमी केलीत, तर रिम थेट दगडावर आदळते. आत ट्यूबऐवजी चिकट द्रव असला, की बाभळीच्या काट्याचं भोक चालता चालता बुजतं. बुंदेलखंडात हे आधी घ्यावं, भारीतले गिअर मागाहून.

हौशी म्हणजे कच्चा, असं समजू नका. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये आळीपाळीने सायकल चालवत अमेरिका नऊ दिवसांच्या आत आरपार केली, ‘रॅम’ शर्यतीत. रस्ता डांबरी होता, कबूल. खडीचा खरा मान आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा यांचा. १९२३मध्ये मुंबईहून निघालेले हे पारशी तरुण वाळवंटं आणि जंगलं तुडवत, जग फिरून १९२८मध्ये परतले. गिअरचे लाड तेव्हा नव्हते.

आणि चढावर उतरून सायकल ढकलली तर? ढकला की! सायक्लोक्रॉसमध्ये तर सायकल खांद्यावर टाकून पळणं हीच कला. ओरछ्यात बेतवेवरचा अरुंद, बिनकठड्याचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो. तिथे मात्र खांदाही कामाचा नाही. इथे कुणी शर्यत भरवलीच, तर तारीख हिवाळ्यातलीच काढावी.