काचेपलीकडे (लेखांक १४) : फुली किती जाड, पट किती?

गेल्या मंगळवारी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या शेजारच्या युनिटचे मालक टॉवेलचा नमुना घेऊन आले आणि नमुना बाजूला ठेवून त्यांनी मोबाइलच पुढे केला. त्यांचा पुतण्या जर्मनीत असतो. तिथली शिकारीची परीक्षा पास होऊन त्यानं परवाना काढला आहे. तिकडे मक्याच्या शेतात रानडुकरं घुसतात, त्यांना आवरायचं काम परवानाधारक शिकारी करतात. त्याला रायफलीवर दुर्बीण बसवायची आहे. ‘काका, २४ पटीपर्यंत जाणारी घेऊ का? एकदाच काय ती घ्यायची,’ असा त्याचा निरोप.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आली, आणि ते योग्यच झालं. तरी हा प्रश्न मी लेखमालेत घेतो आहे. शिकारीच्या दुर्बिणीचं गणित कळलं, की सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट पाहायला न्यायची दुर्बीणही डोळसपणे निवडता येते.

उत्तर माझ्या खिशातच होतं : पिक ग्लास. टॉवेल-चादरीच्या धंद्यातल्या वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. घडी होणारं छोटं भिंग, खाली एक इंचाची चौकट. कापडावर ठेवायचं आणि इंचात आडवे धागे किती, ते मोजायचं. पाच-सहा पटीच्या भिंगाला इंचभराची चौकट असते. दहा पटीचं घेतलं तर धागा दोरखंडासारखा दिसतो, पण चौकट अर्ध्या इंचावर येते. मग मोजलेले धागे दुप्पट करावे लागतात, आणि एक धागा चुकला की हिशेबात दोन चुकतात. मी मालकांना दोन्ही भिंगं दिली आणि त्यांच्याच नमुन्यावर मोजायला लावलं. दहा पटीच्या भिंगाशी दोनदा अडखळून त्यांनी आपणहून कमी पटीचं भिंग उचललं.

दुर्बिणीचंही हेच. पट वाढली की आवाका घटतो. चार पटीच्या दुर्बिणीतून १०० मीटरवरचा साधारण दहा मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. बारा पटीवर तोच तीनेक मीटरवर येतो. पळतं डुक्कर त्यात सापडेपर्यंत झाडीत गेलेलं असतं. शिवाय पट वाढते तशी हाताची थरथरही वाढते, आणि तापलेल्या जमिनीवरच्या हवेची लहरही. सोलापूरच्या उन्हात अकरा वाजता वीस पटीतून पाहा, काळवीट पाण्यात उभं असल्यासारखं हलतं.

दुसरा हिशेब उजेडाचा. दुर्बिणीवर ८×५६ लिहिलेलं असतं. पहिला आकडा पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ५६ला ८नं भागलं की ७ येतात. डोळ्याकडच्या बाजूनं बाहेर पडणारी प्रकाशाची चकती ७ मिलिमीटरची. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते. पन्नाशीनंतर पाचेक मिलिमीटर धरावी. २४ पट आणि ५० मिलिमीटर घेतले तर चकती जेमतेम दोनची. भर दुपारी चालेल, पण डुकरं येतात तिन्हीसांजेला. म्हणून मचाणावर बसणारे जर्मन शिकारी पिढ्यान् पिढ्या ८×५६ वापरत आले. ही चकती स्वतः पाहा : घरातली कुठलीही दुर्बीण हातभर लांब धरून खिडकीच्या उजेडाकडे रोखा, मागच्या काचेत पांढरा ठिपका तरंगताना दिसेल. ज्या दुर्बिणीत पट बदलता येते, तिच्यात पट वाढवली की ठिपका डोळ्यांदेखत आकसतो.

आता फुली, म्हणजे रेटिकल. इथे एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. १६४०च्या सुमारास इंग्लंडमधल्या यॉर्कशरात विल्यम गॅस्कॉइन नावाचा तरुण आकाश पाहत असे. त्याच्या उघड्या राहिलेल्या दुर्बिणीत कोळ्यानं एक धागा ओढला, आणि तो नेमका अशा जागी, की धागाही स्पष्ट दिसे आणि पलीकडचं दृश्यही. त्यातून त्याला दुर्बिणीनं नेम धरायची आणि अंतर मोजायची युक्ती सुचली. १६४४मध्ये तो यादवी युद्धात मारला गेला, पण युक्ती उरली. पुढे विसाव्या शतकापर्यंत मोजणीच्या यंत्रांत कोळ्याचा धागा ताणून बसवत. धाग्यावर जगणाऱ्या आपल्या गावानं लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

फुली बारीक की जाड? बारीक रेघ लांबचं लक्ष्य झाकत नाही, पण संधिप्रकाशात काळ्या डुकरावर ती नाहीशी होते. गडद निळ्या टॉवेलवर पिक ग्लासची काळी सुई हरवते, तसंच. जाड रेघ अंधारात दिसते, पण लांबवरचं लक्ष्य खाऊन टाकते. जर्मनांची ‘चार नंबर’ फुली यातला मध्य साधते : डावीकडून, उजवीकडून आणि खालून तीन जाड दांडे, मधोमध बारीक फुली. अमेरिकेत ल्युपोल्ड कंपनीनं १९६२मध्ये आणलेली ड्युप्लेक्स त्याच वळणाची, फक्त तिचे दांडे चार. मधोमध पेटणारा लाल ठिपका असेल तर अंधाराची अडचण बरीच सुटते.

खुणा आखलेली फुलीही मिळते, आणि ती माझी आवडती. तिच्यावर मिल नावाची मापं असतात. एक मिल म्हणजे हजार मीटरवर एक मीटर, शंभरावर दहा सेंटिमीटर. खांद्यापाशी काळवीट सुमारे ८० सेंटिमीटर उंच. खुरापासून खांद्यापर्यंत चार मिल भरलं, तर ८०० मिलिमीटर भागिले चार, म्हणजे ते २०० मीटरवर आहे. अशी मापपट्टी असलेल्या जोडदुर्बिणीही मिळतात. नान्नजला काळविटांचे कळप आहेत. बंदूक नको, परवाना नको, हा खेळ मुलांनाही शिकवा. एक पथ्य : पट बदलणाऱ्या दुर्बिणीत फुली पुढच्या प्रतलात (फर्स्ट फोकल प्लेन) असेल तर पट बदलली तरी माप खरं राहतं; मागच्या प्रतलात असेल तर ते ठरावीक पटीवरच खरं.

तर पुतण्याला माझं सांगणं असं. मचाणावरून, तिन्हीसांजेला, शंभर-दीडशे मीटरच्या आत नेम धरायचा असेल, तर ८×५६ किंवा ३–१२×५६ घ्यावी आणि चार नंबरची फुली मधल्या लाल ठिपक्यासह. हाक्याच्या शिकारीला १–४ पट पुरे. २४ पट कागदी लक्ष्यावर लांबून नेम धरणाऱ्यांसाठी ठेवावी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रायफलीवरच्या दुर्बिणीनं कधीही शोधाशोध करू नये. ती जिकडे वळते, तिकडे नळी वळते, आणि झुडपामागे माणूसही असू शकतो. शोधायला गळ्यात ८×४२ची जोडदुर्बीण ठेवावी. ओळख पूर्ण पटल्यावरच खांद्याला रायफल लागावी. पट आणि फुलीचा विचार याच्या नंतरचा, हे त्याला पहिल्या ओळीत कळवा.