पेरू का थांबू?

पहाटे साडेपाच

साडेपाचला उठायची सवय मला फुग्यांमुळे लागली. आपले पहाटेचे साडेपाच म्हणजे ग्रीनिचचे मध्यरात्रीचे बारा. या वेळेच्या नोंदीसाठी जगभरातल्या शेकडो केंद्रांवरून हायड्रोजन किंवा हेलियम भरलेले फुगे सोडतात. खाली टांगलेली छोटी पेटी तापमान, दमटपणा आणि दाब मोजत वर जाते. तीसेक किलोमीटरवर फुगा फुटतो, पण तोवर त्या जागच्या हवेचा जमिनीपासून वरपर्यंतचा हिशेब हाती आलेला असतो. हे पहिल्यांदा वर्गात ऐकलं तेव्हापासून या वेळेला मला झोपून राहवत नाही. खिडकी उघडून आभाळ बघते. आज पश्चिमेला खालच्या थरातले ढग आहेत, त्यांच्या वर बारीक पांढऱ्या रेषा, आणि खाली सगळीकडे ओली माती. रात्री कधीतरी पाऊस येऊन गेलाय.

मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञान विभागात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात. माणदेशातल्या मुलीने पावसाचा अभ्यास का घेतला, हे पुण्यात पुष्कळजण विचारतात. गावाकडे अजून एकानेही विचारलेलं नाही.

सकाळी सात

'कमवा व शिका'चं काम. मला बाग मिळाली आहे. मुलींच्या हातात खुरपी, एका मामांच्या हातात पाइप. आज पाणी द्यायचं नव्हतं, म्हणून गुलाबाची आळी मोकळी करायची आणि तण काढायचं. पावसानंतर तण मुळासकट निघतं, दोन बोटांत धरून हलकं ओढलं की झालं. शेतात वाढलेल्या मुलीला हे काम वाटतच नाही. हात चालू असतात आणि डोकं मोकळं राहतं. कालचं न सुटलेलं गणित पुष्कळदा इथे सुटतं.

आमच्या घरी भिंतीवर कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो आहे. आप्पा रयतच्या शाळेत शिकले. १९१९ साली आमच्याच जिल्ह्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि श्रम करून शिकायचं ही गोष्ट कर्मवीरांनी इतक्या अभिमानाची करून ठेवली, की मी विद्यापीठात बागकाम करते हे आप्पा गावात सगळ्यांना सांगतात. मानधनाचे पैसे हातात पडतात तेव्हा मलाही तोच अभिमान वाटतो.

साडेआठ

आप्पांचा मेसेज बरोबर साडेआठला येतो: '२२ मिमी.' एवढाच.

पहिल्या मानधनातून मी घरी एक साधं प्लास्टिकचं पर्जन्यमापक नेलं होतं. अंगणात, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, खांबावर बसवून दिलं. देशभर रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आदल्या दिवशीच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतचा. हे एकदा सांगितलं, त्यानंतर आप्पांनी वेळ कधी चुकवली नाही. नळी डोळ्यांच्या पातळीवर धरायची, पाण्याचा वरचा पृष्ठभाग मध्ये किंचित खोलगट दिसतो त्या खोलगट भागाच्या तळाशी आकडा वाचायचा, मग पाणी ओतून टाकायचं. कोरड्या दिवशीही ते '०' पाठवतात. शून्य ही पण नोंद आहे, हे त्यांना मला शिकवावं लागलं नाही. माणदेशात ते सगळ्यांना ठाऊक असतं.

आज आकड्याखाली आणखी एक ओळ होती: 'ज्वारी पेरू का थांबू?'

हस्त नक्षत्र नुकतंच लागलंय. आमच्याकडे रब्बीची ज्वारी याच दिवसांवर उभी असते. मालदांडीचं बी घरात तयार आहे, पाभर तयार आहे. अडतं ते वापशावर. पाऊस पडून गेल्यावर रान ना चिखलट ना कोरडं अशा अवस्थेत येतं तो वापसा, आणि तो फार तर दोन-चार दिवस टिकतो. घाई करून पेरलं आणि वरून जोराचा पाऊस आला, तर रानावर खपली धरते आणि कोंब वर येत नाही. थांबलं आणि पाऊस मागे फिरला, तर ओल उडून जाते. दोन्हीकडे बी जातं. मी लिहिलं, 'रात्री सांगते.'

दहा

पोहे, चहा, आणि मग टेफिग्रामचं प्रॅक्टिकल. फुग्याने पाठवलेले आकडे एका तिरक्या रेषांच्या कागदावर मांडायचे. संगणक हे क्षणात करतो, तरी आमच्याकडे पहिल्यांदा हाताने, टोकदार पेन्सिलीने काढायला लावतात, आणि ते योग्यच आहे. हाताने काढलेली रेषा डोक्यात राहते.

हवेचा एक गोळा जमिनीपासून वर उचलला असं धरायचं. कोरडा असेपर्यंत तो दर किलोमीटरला साधारण ९.८ अंशांनी थंड होत जातो. एका उंचीवर त्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं, सुप्त उष्णता बाहेर पडते आणि थंड होण्याचा वेग मंदावतो. तिथून पुढे तो आसपासच्या हवेपेक्षा गरम राहिला, तर कुणी न ढकलता वर चढत जातो. गोळ्याची रेषा आणि भोवतालच्या हवेची रेषा या दोहोंमध्ये जी जागा सापडते, ती ढगाची शिदोरी. ती जेवढी मोठी, तेवढा ढग उंच, तेवढी गर्जना मोठी. मात्र खाली उष्ण हवेचा थर आडवा असेल तर गोळा तिथेच अडतो आणि दिवसभर नुसतं उकडत राहतं.

आजच्या कागदावर ती जागा चांगली मोठी निघाली. शेजारच्या मुलीने आणि मी चौकोन मोजले, दोघींचं उत्तर जुळलं, आणि आम्ही टाळी दिली. हा आनंद कुणाला सांगून पटणार नाही, पण मी या विषयाकडे वळले ते अशा दुपारपूर्वीच्या तासांसाठी.

दुपारी एक

रिफेक्टरीत पोळी, मटकीची उसळ, वरणभात. रूममेटने घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी काढली. ती लातूरची, राज्यसेवेची तयारी करते. सकाळी आठला जयकर ग्रंथालयाच्या वाचनकक्षात जागा धरते ती रात्रीपर्यंत. प्रिलिम, मेन्स, कटऑफ, ॲटेंप्ट याशिवाय तिच्या बोलण्यात फारसं काही नसतं. सिनेमा, पोस्ट निघाली की. सिंहगड, पोस्ट निघाली की. बहिणीचं बाळ बघायला जायचं तेही पोस्ट निघाली की.

तिची जिद्द मला मनापासून आवडते. तिच्या शिक्षणासाठी धाकट्या भावाने शिक्षण सोडलं आहे, त्यामुळे हसण्या-फिरण्यात गेलेला तास तिला त्याच्याकडून उसना घेतल्यासारखा वाटतो. हे मला कळतं. तरी जगणं निकालापर्यंत तहकूब ठेवावं हे मला पटत नाही, आणि मी ते तिला तोंडावर सांगते. परीक्षेत जागा थोड्या असतात, मुलं लाखांनी बसतात. उद्या यादीत नाव नाही आलं, तर या वर्षांत आपण जगलो काय, याला काहीतरी उत्तर हवं ना? आज ती ऐकून घेत म्हणाली, "तुझं बरं आहे, तुला अभ्यासच आवडतो." मला हे उत्तर दुपारभर पुरलं. खरंच, मला जे व्हायचंय आणि मला जे रोज करायला आवडतं, त्यात अंतर नाही. हे नशीब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणूनच ते वाया घालवायचं नाही.

तीन

प्रकल्पाचं काम. विषय आहे माण-खटावचा सप्टेंबर-ऑक्टोबरमधला पाऊस. भारतीय हवामान विभागाने १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकोनांत मांडून ठेवला आहे. एक चौकोन म्हणजे साधारण २७ किलोमीटरची बाजू. त्यातला आमच्या गावाचा चौकोन मी शोधून काढला आणि वर्षामागून वर्ष वाचत बसते.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माणमध्ये पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्री चढताना थंड होते, घाटमाथ्यावर पाणी टाकते, आणि आमच्याकडे उतरताना तापून कोरडी होते. म्हणून 'सातारा जिल्ह्यात पाऊस' एवढं ऐकून आमच्या माणसाला काहीच कळत नाही. वर धो-धो कोसळत असतो तेव्हा आमच्याकडे नुसता वारा वाहतो. आम्हाला पाऊस देतो तो जाता-जाता, विजा-गडगडाटाचा, एका शिवारात पडून दुसऱ्यात न पडणारा. त्याचाच अंदाज सांगणं सगळ्यात अवघड आहे. मला तेच करायचंय: तालुक्याच्या पातळीवर, पेरणीच्या बेताला उपयोगी पडेल असा अंदाज.

आज १९७२ वर थांबले. एका ओळीत पावसाळ्याचे दिवस, आणि शून्यांमागून शून्यं. त्या साली आजी नवी नवरी होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची ती अर्धी खाऊन अर्धी धाकट्या दिराला आणायची. डाव्या हाताच्या अंगठ्यावर हातोडी बसली, ते नख अजून वाकडं आहे. लहानपणी मी त्या नखाशी खेळायचे. त्या दुष्काळी कामावरच्या लोकांनी मातीकाम केलेल्या पाझर तलावावर आजही गावची गुरं जातात. आकड्यांची ओळ सरकवताना मला हे सगळं दिसतं, आणि माझ्या मते दिसलंच पाहिजे. ज्याला ते शून्य नुसतं शून्य दिसतं, त्याने हा विषय घेऊ नये.

साडेपाच

वेताळ टेकडी. आठवड्यातून जमेल तेव्हा आम्ही तिघी-चौघी जातो. पूर्वेला एक ढग चढत होता, फुलकोबीसारख्या कडा अजून टणक होत्या. वरचं टोक पसरून ऐरणीसारखं झालं की समजायचं, तो पूर्ण वाढला. आम्ही पैज लावली. अर्ध्या तासात टोक पसरलं, मी भुईमुगाच्या शेंगा जिंकल्या, सगळ्यांनी खाल्ल्या.

पुण्यात हवामानाचा अभ्यास करायला मिळणं यासारखं सुख नाही. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात. अ‍ॅना मणी यांनी तिथे उपकरणांवर काम केलं. आपला पाऊस आपल्याच देशात बनवलेल्या उपकरणांनी मोजला जावा, ही त्यांची धडपड. चौकातून बस वळते तेव्हा मी दर वेळी खिडकीतून त्या इमारतीच्या मनोऱ्याकडे बघते आणि मनात म्हणते, येते.

संध्याकाळी साडेसात

वसतिगृहाच्या अंगणात भोंडला. आमच्याकडे हादगा म्हणतात. पाटावर रांगोळीने हत्ती काढायचा, कारण नक्षत्र हस्ताचं, आणि हस्ताचा पाऊस हत्तीसारखा यावा ही इच्छा. आज हत्ती मी काढला. सोंड जरा जास्तच लांब झाली, पण कुणी पुसू दिली नाही. विदर्भातल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणत होत्या, आम्ही आमची. चाल कुठेतरी जुळली आणि दोन्ही एकदम चालली. फेर मोठा झाला तेव्हा मी वर गेले आणि रूममेटला पुस्तकावरून उठवून आणलं. तिने दहाच मिनिटं म्हटलं आणि शेवटची खिरापत ओळखेपर्यंत थांबली. गोड का तिखट, ओलं का कोरडं, वाजतं का नाही? तिनेच ओळखलं: कोथिंबीर घातलेले मुरमुरे. ती ओरडली तेव्हाचा तिचा आवाज मी याआधी ऐकलाच नव्हता.

ज्या बायांनी हा खेळ चालवला त्या पावसाची वाट बघत होत्या, आणि वाट बघताना गात होत्या. मला हे शहाणपण वाटतं.

रात्री साडेनऊ

उद्या विभागात हवामान चर्चेला बोलायची पाळी माझी. उपग्रहाची चित्रं लावली, दीड किलोमीटर उंचीवरचे वारे बघितले, सकाळचा टेफिग्राम शेजारी ठेवला. ओल अजून आहे, उद्या दुपारनंतर ढग पुन्हा चढतील. परवापासून मात्र वाऱ्याची दिशा बदलते आहे आणि कोरडी हवा खाली उतरते आहे. मग आप्पांना फोन लावला.

"काय म्हणतंय तुझं आभाळ?"

"आप्पा, उद्या दुपारी चारनंतर गडगडाटाचा पाऊस यायची शक्यता जास्त आहे. दहातल्या सहा वेळा येईल, चार वेळा नाही येणार. आला तर जोरात येईल. परवापासून कमी होत जाईल. उद्या पेरू नका."

"सहा वेळा." त्यांनी आकडा तोंडात घोळवला. "म्हंजी तू नक्की नाही सांगत."

"नक्की कुणालाच सांगता येत नाही, आप्पा. मला जेवढं दिसतंय तेवढं सांगते."

"बरं हाय. नक्की सांगणारं लई भेटलं." थोडं थांबून म्हणाले, "वरचं रान हलकं हाय, ते परवाच्याला सकाळी वापशावर येतंय. ते पेरून घेतो. खालचं काळं रान दमानं येतंय, त्याचं तू परवा रात्री परत सांग."

मी वहीत लिहून घेतलं. वरचं रान, परवा सकाळ. खालचं, परवा रात्री पुन्हा वारे बघून.

मग आजीने फोन ओढून घेतला. तिला पावसाचं काही विचारायचं नव्हतं. आज खिरापत कुणाची होती आणि ती कुणी ओळखली, एवढंच तिला हवं होतं. तिला सगळं सांगत बसले, हत्तीच्या सोंडेपासून.